शुगरची गोळी

“सहा वर्षं शुगर हाय आईंना,” प्रांजल सुनेच्या हक्कानं सांगत होती. “गोळी एकदाबी चुकवली नाय!”

डॉक्टर फरहांनी गुणाबाईंच्या तळपायाची पट्टी सोडली. माशाचा काटा रुतून झालेली जखम महिनाभर चिघळली होती. पनवेलच्या बाजारात ओल्या फरशीवर बसून मासळी विकणाऱ्या बाईचा पाय कोरडा राहणार तरी कसा! डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा पाहिला. साखर तीनशे ऐंशी होती.

“रोज गोळी घेऊन एवढी? कुठली गोळी, दाखवा बघू.”

प्रांजलनं पिशवीतून मशेरीची जुनी डबी काढली. आत सुट्या पांढऱ्या गोळ्या होत्या, नाव ना गाव.

“हिचा काही उपयोग दिसत नाही. आजपासून बंद. दुसरी लिहून देते.”

गुणाबाईंनी डबी झटकन पदराखाली ओढली. कारण ती गोळी शुगरची नव्हतीच! नवरा गेला त्या वर्षी सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. घरी सांगायचं काय? कोळीवाड्यात शुगर घरोघरी, तिला कुणी नावं ठेवत नाही. म्हणून बाईंनी तिथून मिळालेल्या एचआयव्हीच्या गोळ्या मशेरीच्या डबीत ओतल्या आणि शुगर झाल्याचं ठोकून दिलं. त्याच वर्षी त्यांच्या मुलाशी, जीवनशी, लग्न होऊन प्रांजल घरात आली. तेव्हापासून ती सासूला बिनसाखरेचा चहा देत होती, आणि सासूबाई दुपारी बाजारात खुशाल जिलेबी खात होत्या. आपल्याला शुगर नाही हे त्यांना ठाऊक होतं ना! आता ती खरोखरच आली होती, आणि सोंग अंगाशी आलं होतं.

गोळी सोडावी तर जिवाला धोका. खरं बोलावं तर नातू पुन्हा मांडीवर येईल का? त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

डॉक्टरांनी ते पाहिलं. “प्रांजल, तू जरा बाहेर बस.”

दार लागताच गुणाबाईंनी सगळं सांगून टाकलं. “पन सुनंला सांगू नका. तुमच्या पाया पडते.”

“मी नाही सांगणार. तो तुमचा अधिकार,” डॉक्टर म्हणाल्या. “पण आता पायाला रोज पट्टी, वेळेवर जेवण, चालणं आणि दोन आजारांच्या गोळ्या. हे चोरून कसं जमणार? एचआयव्हीची गोळी नेमानं घेतली म्हणून तुम्ही आज हिंडताफिरताय. पाय इतका बिघडला तो लपवाछपवीनं!”

गुणाबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, “बोलवा तिला.”

त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. प्रांजल भिंतीला टेकली. “बाळाला तुमी तुमच्या ताटातला घास भरवता, आई!”

“ताटातून, घासातून, पाप्यातून हा आजार होत नाही,” डॉक्टर ठामपणे म्हणाल्या. “उगाच घाबरू नकोस.”

प्रांजलचे डोळे भरून आले आणि ती एकदम उसळली. “सहा वर्षं मीबी तुमच्यासंगं बिनसाखरेचा चा पिले! तुमाला एकटं वाटू नये म्हनून! आनि तुमी मला एवढीबी आपली समजला नाय?”

भीती होती घराबाहेर काढतील याची, आणि राग निघाला तो असा! गुणाबाई हमसून रडू लागल्या. प्रांजल खाली बसली, सासूचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाली, “डॉक्टर, पट्टी कशी बांधायची ते दावा.”

पाय भरून यायला अडीच महिने लागले. आता गुणाबाई रबरी बूट घालून स्टुलावर बसून मासळी विकतात. जिलेबी बंद झाली. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी दोन डब्या उभ्या आहेत, दोन्हींवर प्रांजलच्या अक्षरात गोळ्यांची नावं.

वाचकहो, नाव नसलेली अशी डबी आपल्याही घरात कुणी दडवली असेल. गोळी डॉक्टर देतील. ती चारचौघांत घेण्याची हिंमत मात्र घरच्यांनीच द्यायला हवी!