चोवीस इंची गाडी

हद्दीच्या दगडाजवळ आमचा धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, फुगलेला आहे. तिथे त्याची रुंदी अडतीस इंच भरते. दगडापासून चार पावलं पुढे गेलं की तो बारीक होतो आणि दुसऱ्या टोकाच्या दगडापर्यंत तसाच राहतो. तिथे पुन्हा फुगतो. कारण साधं आहे. हद्दीच्या दगडाला कोणी फावडं लावत नाही. बाकीच्या धुऱ्याला मात्र दरवर्षी रोवण्याआधी, म्हणजे धानाच्या लावणीआधी, दोन्ही बाजूंनी लागतं. गवत काढायचं म्हणून अलीकडून माझे बाबा धुरा तासतात, पलीकडून दुधरामकाका. गवताबरोबर थोडी मातीही निघते आणि ती ज्याच्या त्याच्या बांधीत, धानाच्या खाचरात, पडते.

हे मी लहानपणापासून पाहत आले होते. तरीही २०१६ च्या मे महिन्यात मी टेप घेऊन तो धुरा मोजला, तेव्हा मला त्याची आठवण झाली नाही.

मोजण्याचं कारण आई होती. आमच्या गावी, दवनीवाड्याला, आमचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, विहिरीजवळच्या तुकड्यात टाकतात. जिथे ते रोवायचे ती मोठी बांधी तिथून शंभर मीटर लांब आहे. मध्ये रस्ता नाही, हा एक धुराच. उपटलेल्या पऱ्ह्यांच्या ओल्या पेंढ्या त्यावरून डोक्यावर न्याव्या लागतात. आई एका खेपेला वीस पेंढ्या नेत असे. मी एकदा वजन केलं होतं, एकतीस किलो भरलं. त्या वर्षी जानेवारीत तिचा डावा हात बधिर व्हायला लागला. गोंदियाच्या डॉक्टरांनी मानेचा एक्सरे दाखवून सांगितलं की डोक्यावर वजन अजिबात नको, चिखलात तासन्‌तास वाकणंही नको.

"मंग रोवण्यात मी का करू?" घरी आल्यावर आईने विचारलं. "घरी बसून तुमच्यासाठी भात शिजवू?"

"शिजवजो," बाबा म्हणाले.

लग्नानंतर आईचा एकही रोवणा चुकला नव्हता. ती बाबांना काही बोलली नाही, आणि ते न बोलणं तिने पुढे आठवडाभर टिकवलं.

मी गोंदियाला एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. माझा मामा, रत्नपाल, गोंदियाजवळ मुर्रीला वेल्डिंगचं दुकान चालवतो. त्याच्याकडे ट्रकची ठोकर लागून चेपलेली एक ई-रिक्षा पडून होती. मोटर शाबूत होती आणि चार बॅटऱ्यांपैकी तीन चांगल्या होत्या. मी त्याला म्हटलं, आईसाठी पेंढ्या वाहणारी एक गाडी करू. माणसाच्या चालीने चालेल अशी, पुढे एक चाक, मागे दोन, वर लोखंडी ट्रे.

मामाने रिक्षाभोवती एक चक्कर मारली. "माप तू देजो, जोडणं माझं काम," तो म्हणाला. "पर माप गलत निकला तो मेरा नाम मत लेना."

म्हणून मी मे महिन्यात धुरा मोजला. तीन ठिकाणी मोजला: एकोणतीस, अठ्ठावीस, साडेएकोणतीस इंच. कागदावर लिहिलं की गाडी मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांपर्यंत चोवीस इंच असावी. म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मोकळे राहतील. याहून अरुंद केली तर भरल्यावर उलटेल, म्हणून बॅटऱ्याही ट्रेच्या खाली, जमिनीजवळ बसवल्या. मामाने मागच्या चाकांचा आस कापून पुन्हा जोडला, आणि विहाराच्या फाटकाचा उरलेला निळा रंग गाडीला दिला.

जूनमध्ये आई मुर्रीला गाडी शिकायला आली. पहिल्यांदा तिने वेगाची मूठ इतकी कमी पिळली की शेजारची कोंबडी गाडीच्या पुढे निघून गेली. दुसऱ्यांदा ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तिथून वळायचं होतं, पण ती वळलीच नाही, तशीच मोठ्या रस्त्याला लागली. मामा चपला हातात घेऊन मागे धावला.

"ताई, थांब. ब्रेक मार."

"मालूम हाय मले ब्रेक कुठी हाय," आईने मागे न पाहता सांगितलं. "थांबाचं मनच नाई."

बाबांनी हे ऐकलं तेव्हा ते हसले नाहीत. "धुऱ्यावर चालन का पण?" एवढंच म्हणाले. मी मोजमापं सांगितली. त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला. धुऱ्याचा विषय आमच्या घरात नेहमी असाच बदलतो.

बाबा आणि दुधरामकाका रोज एका टपरीवर चहा पितात. काकांच्या मुलीच्या लग्नात वाढपी बाबाच होते. फक्त धुऱ्याचं नाव दोघं काढत नाहीत. नऊ वर्षांपूर्वी काका एकदा म्हणाले होते, "खेमराजभाऊ, एक दिवस या दगडापासून त्या दगडापर्यंत दोरी लावू. कोणाच्या बाजूनं किती गेला ते दिसन, आन धुरा पहिल्यासारखा करू." बाबांनी उत्तर दिलं होतं, "या साली पाहू." मग दरवर्षी तेच, या साली पाहू. घरात मात्र ते म्हणत, "दोरी कायले पायजे? ज्यानं छाटला त्याले मालूम हाय."

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आमचा रोवणा निघाला. मामाने टेम्पोतून गाडी आणली. विहिरीजवळ आम्ही तिच्यात एकशे दहा पेंढ्या भरल्या आणि वरून नायलॉनच्या लांब दोरीचे वेढे दिले. आईने साडीचा पदर खोचला आणि गाडीवर बसली. पलीकडच्या बांधीत काकांचा रोवणा चालू होता. तिथे सुमित्राकाकू, दुधरामकाकांची बायको, सात बायांबरोबर ओळीत वाकलेल्या होत्या. निळी गाडी पाहून आठही जणी उभ्या राहिल्या.

दगडाजवळचा फुगवटा गाडीने आरामात ओलांडला. पुढे चार पावलांवर उजवं चाक धुऱ्याच्या कडेवर आलं, कड खचली, आणि गाडी हळूच, जणू विचार करून, काकांच्या बांधीत कलंडली. आई उतरली ती सरळ गुडघाभर चिखलात. हँडल तिच्या हातातच होतं.

मी धावत गेले.

सुमित्राकाकूंनी कमरेवर हात ठेवले. "ललिताबाई, आमच्या बांधीत रोवाले आल्या का? हजेरी लावू?"

आई आधी हसली. मग सगळ्या बाया हसल्या.

"नव्या गाडीले नारळ फोडला होता का?" काकूंनी विचारलं.

"नारळानं धुरा रुंद होते का?" आई म्हणाली.

आठ बाया, मामा, बाबा आणि मी, सगळ्यांनी मिळून गाडी वर काढली. एक बाई चिखलात बसली, तिला उठवताना दुसरी बसली. गाडी पुन्हा दगडाजवळच्या फुगवट्यावर उभी राहिली तेव्हा कोण कोण आहे ते आवाजावरूनच कळत होतं. मी पर्समधून टेप काढला आणि धुरा मोजला. तेवीस इंच. पुढे मोजला, तेवीस. आणखी पुढे, पुन्हा तेवीस.

"मे महिन्यात एकोणतीस होता," मी म्हणाले.

दुधरामकाका त्यांच्या बाजूने आले होते. "मे महिन्यात धुऱ्यावर गवत असते, बाई," ते शांतपणे म्हणाले. "जुलैत खेमराजभाऊचं फावडं असते."

"आन तुमचं का घरी झोपून असते?" बाबा म्हणाले.

आईने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते दोघं एकमेकांशी धुऱ्याबद्दल बोलत होते.

मामाने चाकाचा चिखल बोटाने काढला. "एक इंच का सवाल है. काटून छोटी करून देऊ का?"

"उलटेल," मी म्हणाले. "भरलेली गाडी याहून अरुंद चालणार नाही."

"गाडी काऊन लहान करता?" आई म्हणाली. "धुरा मोठा करा ना."

मग सुमित्राकाकूंनी मला विचारलं, "किती पेंढ्या नेते ही एका खेपेत?"

"एकशे दहा."

"आन मी वीस नेतो, मान मोडून." त्या नवऱ्याकडे वळल्या. "ऐकून राहिले का जी?"

"ऐकून राहिलो."

"मंग उभे काऊन?"

"मी तर नऊ साल झाले म्हणून राहिलो," काका म्हणाले, "का दोरी लावा."

सगळे बाबांकडे पाहू लागले. बाबा वाकून फावड्याचा चिखल पुसत होते, आणि तो पुसून झाल्यावरही पुसत राहिले. आईने गाडीवरची नायलॉनची दोरी सोडली आणि तिचं एक टोक त्यांच्यासमोर धरलं. तिच्या बधिर डाव्या हाताची बोटं दोरीवर नीट मिटत नव्हती. बाबांनी त्या हाताकडे पाहिलं, टोक घेतलं आणि दुसऱ्या दगडाकडे चालू लागले. दोरी पुरेना, तेव्हा काकूंनी विहिरीचा दोर आणि बैलांचे कासरे आणून जोडले.

मामाने या दगडाच्या मधोमध दोरी धरली, बाबांनी त्या दगडाच्या. मी धुऱ्यावरून चालत पाच ठिकाणी मोजलं. दगडाजवळ दोरीच्या दोन्ही बाजूंना एकोणीस-एकोणीस इंच होते. मध्ये काकांच्या बाजूला बारा राहिले होते. आमच्या बाजूला अकरा.

मी आकडे मोठ्याने सांगितले, जसे प्रयोगशाळेत मुलांना सांगते. सांगून झाल्यावर त्यांचा अर्थ माझ्या लक्षात आला. काकांचे सात इंच गेले होते, आमचे आठ.

"परत मोज," बाबा तिकडून म्हणाले.

मी परत मोजलं. आमच्या बाजूला अकरा.

ते दोरी दगडाला बांधून स्वतः आले, टेप हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन ठिकाणी मोजलं. मग आणखी एका ठिकाणी. दुधरामकाका तेवढा वेळ दूरच्या बगळ्यांकडे पाहत होते. बगळ्यांमध्ये पाहण्यासारखं काही नव्हतं.

सुमित्राकाकूंना मात्र राहवलं नाही. "आमच्याहून एक इंच जास्त खाल्ला, खेमराजभाऊ. पोट नाई दुखलं का?"

बाया खुदखुदल्या. आई म्हणाली, "पोट याहीचं कायले दुखन? पडली तर मी."

बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी ते दाबून पाहिलं, पण ते दबलं नाही. ते हसले, आवाज न करता, खांदे हलवत, जसे माझ्या लहानपणी हसायचे. मामा एका हाताने दोरी धरून हसत होता, त्यामुळे दोरीही हलत होती. काकांनी बगळ्यांचा नाद सोडला आणि तेही हसले.

मग बाबांनी टेप मला परत दिला. गाडीच्या निळ्या ट्रेवर पडलेली एक पेंढी त्यांनी उचलून नीट लावली. धुऱ्यावर उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं, नंतर काकांकडे, आणि घसा साफ केला.

"दुधरामभाऊ, तुमचं फावडं आणा," ते म्हणाले. "माझे आठ इंच मी आजच सोडतो. दगडापासून दगडापर्यंत धुरा पुरा भरू."