नाव घ्या, लीलावतीताई

माझा स्वभाव तापट आहे, हे मीच सांगून टाकतो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? हॉस्पिटलात आल्यापासून मी लिफ्टवाल्याशी भांडलो, कॅन्टीनवाल्याशी भांडलो आणि खुर्ची हलवली म्हणून एका सुभेदारसाहेबांशीही भांडलो. भांडण झालं की मला जरा हलकं वाटतं. फक्त त्या औषधाच्या बाटलीशी मी कधी भांडलो नाही. ती दिवसातून तीनदा यायची, लीलावतीच्या हाताला लागायची आणि तासभर थेंब थेंब उतरायची. मी स्टुलावर बसून डोळ्यांत तेल घालून तिच्याकडे बघत राहायचो.

लीलावती म्हणजे माझी बायको. आम्ही मूळचे कराडकडचे. मी हवामान खात्यात. निवृत्ती तोंडावर आल्यावर खात्याला माझी अचानक आठवण झाली आणि चंदीगडला बदली निघाली. लीलावतीने तक्रार केली नाही. सेक्टरांच्या आकड्यांना नावं ठेवत, भाजीवाल्याशी तिच्या खास हिंदीत घासाघीस करत ती इथे मस्त रुळली.

मग एका रविवारी तिला ताप आला. साधा असेल म्हणून मी गोळी दिली. सकाळी तिने चहात मीठ घातलं. मी ओरडलो, तर ती उलट बोलली नाही. तिथेच मला शंका आली, कारण उलट न बोलणारी लीलावती मी कधी पाहिलेलीच नाही. दुपारी ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मग तिने अगदी अदबीने विचारलं, "भाऊ, तुम्ही कुठले?"

शेजारच्या नयनावहिनींच्या नवऱ्याने लगेच गाडी काढली आणि आम्ही तिला हॉस्पिटलात आणलं. पाठीतून पाणी काढून तपासलं. विषाणू मेंदूत शिरला होता. डॉक्टर गुरलीन नावाची मुलगी, आमच्या लेकीच्या, चिन्मयीच्याच वयाची, मला बाजूला घेऊन म्हणाली, "अंकल जी, टाइम पे ले आए हो. दवाई नस से ही जाएगी, तीन हफ्ते. पानी खूब पिलाना, किडनी पे ज़ोर पड़ता है. बुखार तो उतर जाएगा. याददाश्त कितनी लौटेगी, वो देखना पड़ेगा."

ताप उतरला. लेक पुण्याहून आली, आईचे पाय चेपून, रजा संपल्यावर रडत परत गेली. औषध आपलं काम करत राहिलं. एका हाताची शीर सुजली की सिस्टर दुसऱ्या हाताला सुई लावायच्या. मी ग्लासामागून ग्लास पाणी पाजत होतो. आणि माळ्यावरचं सामान एकेक करून खाली काढावं, तशी लीलावतीला एकेक गोष्ट आठवू लागली. आधी बहिणींची नावं. मग चिन्मयी. मग पुरणपोळीत जायफळ किती घालायचं ते. एके दिवशी तिने हॉस्पिटलची डाळ चाखली आणि म्हणाली, "ह्यात मीठ घालायला कुणाची परवानगी लागते का?" मी बाहेर जाऊन लिफ्टवाल्याला पेढा दिला. बिचारा घाबरलाच.

सगळं आठवत होतं. प्रश्न फक्त माझा होता.

'भाऊ' म्हणणं बंद झालं, हे खरं. आता ती मला 'अहो' म्हणायची. पण 'अहो' ती बसच्या कंडक्टरलाही म्हणते. अहो पाणी द्या, अहो खिडकी लावा. हे ती नवऱ्याला सांगत होती की सेवेला आलेल्या कुणा सज्जन गृहस्थाला, हे मला काही केल्या कळेना. सरळ विचारायची हिंमत नव्हती. साऱ्या जन्मात मी कुणाला घाबरलो नाही, पण तिने पुन्हा "तुम्ही कुठले?" म्हटलं असतं तर मी खचलो असतो.

रोज सकाळी डॉक्टर गुरलीन राउंडला यायची आणि प्रश्न विचारायची. शितावरून भाताची परीक्षा. महिना कोणता? बरोबर. शहर कोणतं? बरोबर. शंभरातून सात वजा करा. तिथे लीलावतीने तिलाच विचारलं, "क्यों? किसको देना है?"

"और पति का नाम?"

लीलावती चादरीकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी पुढे झालो. "डॉक्टर, हमारे गाँव में औरतें पति का नाम नहीं लेतीं. इन्होंने शादी के बाद कभी लिया ही नहीं."

"मेरी नानी भी नहीं लेती थीं," ती हसून म्हणाली. मग तिचा चेहरा गंभीर झाला. "पर अंकल जी, मैं कैसे समझूँ? ले नहीं रहीं, या याद नहीं?"

 मलाही तेच तर जाणून घ्यायचं होतं.

तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारून पाहिलं, "अच्छा, ये कौन हैं?"

"घरचे," लीलावती म्हणाली.

"मतलब?"

"घर के," मी म्हणालो. डॉक्टरने मान हलवली. घरचे म्हणजे दीर असू शकतो, चुलतभाऊ असू शकतो. आमच्याकडे नवऱ्यालाही घरचे म्हणतात, हे सांगून काय उपयोग? जवळच्या माणसांची ओळख पक्की झाली नसेल, तर डोक्याची तपासणी पुन्हा करावी लागेल आणि मुक्काम वाढेल, असं ती सांगून गेली.

दुपारी बाटली सुरू असताना मी लीलावतीजवळ वाकून म्हणालो, "अगं, एकदा घे ना नाव. कोण ऐकतंय इथे?"

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "झोप येतेय," म्हणाली.

संध्याकाळी नयनावहिनी डबा घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना खाली कॅन्टीनमध्ये सगळं सांगितलं. वहिनी नागपूरच्या, भारी मिश्कील बाई. त्यांनी आधी मला पोटभर बोलू दिलं आणि मग कपाळाला हात लावला. "भाऊजी, असं पोलिसांसारखं विचारलं तर कोण बाई नाव घेईल? नाव मागायची एक रीत असते. आणि ते नवऱ्याने मागायचं नसतं, बायकांनी मागायचं असतं. उद्या राउंडच्या वेळी पेशंटजवळ थांबायचा तुमचा पास मला द्या. तुम्ही बाहेर थांबा. मी घ्यायला लावते, पक्का."

दुसऱ्या दिवशी वहिनी चक्क काठापदराची साडी नेसून आल्या. पास एकच, म्हणून मी वॉर्डाच्या अर्धवट उघड्या दाराशी उभा राहिलो. सकाळची बाटली नुकतीच लागली होती. वहिनींनी पिशवीतून हळदीकुंकवाचा करंडा काढला. लीलावतीच्या कपाळाला बोट लावलं, मग सिस्टरच्या, मग शेजारच्या खाटेवरच्या, पंजाबातल्या मोग्याहून आलेल्या आजींच्या. डॉक्टर गुरलीन आली, तर तिच्याही. प्रत्येकीच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. डॉक्टर नुसती बघत राहिली.

"हं, आता नाव घ्या, लीलावतीताई! घेतल्याशिवाय मी जागची हलणार नाही."

"इथे कसलं नाव घेता?" लीलावती म्हणाली.

"घ्या!"

आजींना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी टाळी वाजवली आणि पंजाबीत 'घे, घे' सुरू केलं. "लै लै, कुड़िए! शरमांदी क्यों है?"

मी दाराच्या फटीला कान लावला. लग्नात तिने घेतलेला द्राक्षांचा उखाणा तिला आठवेल का? आठवला तरी त्यात नाव माझंच येईल का? की तिथवर येऊन ती पुन्हा चादरीकडे बघत बसेल? हवामान खात्यातला माणूस मी. अंदाज चुकला तरी चेहरा न हलवण्याची मला सवय आहे. पण त्या दाराशी मला कसलाच अंदाज करवेना.

लीलावतीने बाटलीकडे पाहिलं. सुई लावलेल्या हाताकडे पाहिलं. ओठांशी काहीतरी जुळवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"थेंब थेंब औषध उतरतं माझ्या हातात,
अविनाशराव रडून येतात, म्हणतात धूळ गेली डोळ्यात."

हा द्राक्षांचा उखाणा नव्हता. हा तिने आत्ता, त्या खाटेवर बसून रचला होता.

वहिनी टाळ्या पिटत ओरडल्या, "वा वा! भाऊजी, या आत!" सिस्टरांनी पासाकडे कानाडोळा केला आणि मी आत गेलो.

"क्या बोला इन्होंने?" डॉक्टरने मलाच विचारलं.

मी भाषांतर करून सांगितलं. "बोलती हैं, दवाई बूँद बूँद हाथ में उतर रही है और अविनाशराव, मतलब मैं, बहुत सेवा करता हूँ."

"झूठ!" खाटेवरून आवाज आला. "डॉक्टरसाब, ये बाहर जाके रोते हैं, और अंदर आके बोलते हैं आँख में धूल गई. सुबू-शाम इधर पोंछा लगता है. धूल किधर से आएगी?"

सगळ्या बायका हसल्या. डॉक्टर गुरलीन इतकी हसली की तिला चश्मा काढून पुसावा लागला. तिने कागदावर भराभर काहीतरी लिहिलं. ही बाटल्यांची मालिका पूर्ण झाली की घरी जा, पुन्हा तपासणीची गरज नाही, असं तिने सांगितलं. मग आठवण होऊन तिने माझ्याकडे पाहिलं.

"अंकल जी, नाम सही है ना?"

"सही है जी," मी म्हणालो, आणि अख्ख्या वॉर्डासमोर हुंदके देऊन रडलो.

 लीलावतीने सुई नसलेला हात पुढे केला आणि तळव्यावरची साखर सगळ्यांच्या देखत माझ्या तोंडात घातली. असं ती घरात आम्ही दोघंच असतानाही कधी करत नाही.