बराफूवरची माफी

माझे बाबा एलिरिंगिया आणि आचारी किसामो अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि मला लग्न करायचं होतं ते नेमकं किसामोच्या पोराशी. आता बोला! किलिमांजारोच्या पायथ्याच्या आमच्या सबंध मचामे गावात लग्नाच्या वयाचे दोनशे तरी बाप्ये असतील. पण माझा जीव जडला तो ओफोरोवर. सहा फुटांचा गडी, पाठीवर वीस किलो आणि डोक्यावर गॅसची टाकी घेऊन बरांकोची भिंत शिट्टी वाजवत चढणारा. आणि माझ्या बाबांसमोर उभा राहिला की घाबरून खी खी हसत सुटणारा.

"अरे, हसतोस काय मेल्या?" मी म्हणायची.

"हसत नाहीये गं आइकांडे, मला भीती वाटली की असंच होतं."

भांडणाचं कारण सांगू? बाबा डोंगरावरचे सगळ्यांत जुने गाईड. अकरा वर्षांपूर्वी शिराच्या पठारावर धुकं इतकं दाट उतरलं की स्वतःचे बूट दिसेनात. बाबांनी टोळी पुढे काढली आणि एकाच दगडाला तीन वेळा वळसा घातला. झालं. किसामोकाका हाताने आचारी असले तरी तोंडाने शाहीर. संध्याकाळपर्यंत त्यांनी गाणं रचलंसुद्धा:

"चाला रे चाला, गाईड म्हणाला,
तोच दगड पुन्हा आला!"

ओझेवाल्यांनी ते उचललं. आठवड्याभरात सगळा किलिमांजारो ते गाणं म्हणत होता. पाहुणेही टाळ्या वाजवत म्हणायचे, त्यांना बिचाऱ्यांना काय कळतंय. बाबांनी रागाच्या भरात काकांचं उगालीचं, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचं, भरलेलं पातेलं दरीत भिरकावलं. तेव्हापासून बोलणं बंद. काका म्हणतात, चाळीस माणसांच्या अन्नाला लाथ मारली, आधी त्याने माफी मागावी. बाबा म्हणतात, माझ्या नावाचा तमाशा केला, आधी त्याने. दोघांच्याही नाकावर राग, आणि मधल्या मध्ये माझं वय चाललं पुढे.

तरी मी कळ काढली असती. पण त्या सोमवारी चढायला निघायच्या आदल्या दिवशी आईने हळूच सांगितलं की किबोशो गावचे पत्र्याच्या दुकानाचे मालक येत्या रविवारी म्बेगेचा, केळ्याच्या दारूचा, घडा घेऊन येणार आहेत. मला मागायला. आणि बाबांनी या म्हणून कळवलंय. आमच्याकडे बापाने त्या घड्यातली म्बेगे एकदा का ओठाला लावली की मुलगी दिली, विषय संपला. सोमवारी चढायचं, शनिवारी उतरायचं, रविवारी घडा. म्हणजे माझ्या हातात सहा दिवस होते.

मी तापट आहे, पण मूर्ख नाही. आमच्या गाईड कंपनीच्या ऑफिसातली बाई माझी मैत्रीण. आमचा नेहमीचा आचारी बहिणीच्या लग्नाला गेला होता, त्याच्या जागी किसामोचं नाव तिने माझ्या सांगण्यावरून घातलं, आणि ताटं वाढायला ओफोरोचं. मी तर बाबांची दुय्यम गाईड म्हणून होतेच. निघताना मी कुंपणातलं इसालेचं एक लांब पान तोडलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि पिशवीत तळाशी ठेवलं. आमच्यात माफी मागायची तर हे पान हातात घेऊन जायचं. समोरच्याने ते घेतलं की त्याने माफ केलं, मग गुन्हा केवढाही असो. आणि इसालेला नाही म्हणणारा माणूस आमच्या चग्गा जमातीत अजून जन्मायचाय.

चढाई सुरू होते त्या मचामेच्या फाटकावर बाबांनी काकांना पाहिलं आणि त्यांच्या मिशा थरथरल्या.

"आइका, त्या माणसाला विचार, मीठ घेतलंय का."

काका चार हातांवर उभे. "आइकांडे, तुझ्या बाबांना सांग, मीठही घेतलंय आणि होकायंत्रही."

ओफोरो मागे खी खी करायला लागला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

तीन दिवस मी नुसती टपाल वाहत होते! सूप गार आहे म्हणून सांग. गार सूप नाही, गार माणूस आहे म्हणून सांग. आमचे चार पाहुणे, फिनलंडच्या शाळेतले मास्तर, त्यातली एक बाई मला म्हणाली की तुमच्यात मोठ्या माणसांनी मुलीमार्फत बोलायची पद्धत फार सुंदर आहे. मी म्हटलं, हो ना, जुनी पद्धत आहे.

बुधवारी बरांकोच्या तळावर मी बेत तडीस नेला. ओफोरो बाबांचं ताट झाकून घेऊन निघाला होता, त्याला मी तंबूमागे अडवलं.

"झाकण काढ."

"काय करतेस?"

"तुझ्याशी लग्न करतेय. झाकण काढ म्हणते ना!"

मी पान भाताच्या कडेला नीट आडवं ठेवलं. ओफोरोने घाईघाईने झाकण परत ठेवलं. "अगं, त्यांना वाटेल माझ्या बापाने पाठवलंय."

"वाटू दे की. तेवढंच तर वाटायला हवंय."

"आणि खोटं पकडलं गेलं तर?"

"मी खोटं कुठे बोलतेय? मी तर तोंडसुद्धा उघडलेलं नाही. जा आता, भात गार होतोय."

मी तंबूच्या फटीतून बघत होते. बाबांनी झाकण काढलं. पान बघितलं. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पान उचललं, भाताचं शीत झटकलं आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. आणि जेवले हो! ताट चाटूनपुसून जेवले! मला इतका आनंद झाला की मी अंधारात एकटीच दोन गिरक्या घेतल्या आणि तंबूच्या दोरीत अडकून आडवी पडले.

गुरुवारी उजाडता उजाडता बाबा स्वतःच्या पायांनी स्वयंपाकाच्या तंबूत गेले. काका उपड्या बादलीवर बसून कांदा चिरत होते.

"किसामो," बाबा म्हणाले, "आज चहा झकास झालाय."

काका बादलीवरून घसरले. खरंच घसरले, कांद्यासकट. मग उठले, हात पुसले आणि एवढंच म्हणाले, "आणखी घे मग." बाबांनी घेतला. दोघं शेजारी शेजारी बसून चहा प्यायले, गुडघ्याला गुडघा लावून. बाबांना वाटलं, माफी मागून लाजलाय बिचारा, आपणच मोठेपणा दाखवावा. काकांना वाटलं, अकरा वर्षांनी का होईना, आपणहून चालत आला, आता जास्त ताणू नये. दोघांच्याही चेहऱ्यावर असा उदारपणा पसरला होता की मला तंबूबाहेर तोंडात टोपी कोंबून हसावं लागलं. ओफोरो तर हसत हसत पाणी आणायला गेला आणि घागर न घेताच गेला.

त्या दिवशी बरांकोची भिंत मी चढले की उडाले ते मला आठवत नाही. पुढे कारांगाच्या तळावर बाबा काकांना म्हणाले, "गुडघा कसा आहे तुझा?" शिखराखालच्या शेवटच्या तळावर, बराफूला, काका बाबांना म्हणाले, "तू थोडा पड, पाहुण्यांचं मी बघतो." विरळ हवेत एरवीही माणसाला उगाच हसू येतं. त्यात मी मनातल्या मनात लग्नाचे कपडे निवडत होते. वर जायच्या आधी मी ओफोरोला सांगून टाकलं, "शनिवारी खाली उतरलो की तुझ्या बापाला म्हणावं घडा भरायला घे. बाबा आता नाही म्हणायचे नाहीत."

रात्री आम्ही वर गेलो. चारही मास्तर शिखरावर पोचले, मिठ्या मारून रडले, फोटो झाले, आणि शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास धुळीतून घसरत, भेलकांडत आम्ही बराफूला परतलो. तीस ओझेवाले ओळीत उभे. काका पुढे, हातात पळी. बाबांना बघताच त्यांनी पळी वर केली आणि खड्या आवाजात नवं गाणं सुरू केलं:

"चाला रे चाला, गाईड आला,
चहाच्या कपात राग बुडाला!
मान वाकवून माझ्यापाशी
एलिरिंगिया आपणहून आला!"

तीस जणांनी टाळ्यांवर ते उचललं.

बाबा थांबले. "काय? परत म्हण."

काकांनी आनंदाने परत म्हटलं.

"मी मान वाकवली? मी?"

"अरे, त्यात लाजायचं काय, आलास ना माझ्या तंबूत? मोठ्या मनाने मी—"

"तू मोठ्या मनाने? मी मोठ्या मनाने! माफी कोणी मागितली? तू!"

"मी? तुझी? विरळ हवा लागलीय तुझ्या डोक्याला, एलिरिंगिया. खाली उतर लवकर."

"आता नाही म्हणतोस? लाज नाही वाटत?" बाबांनी शर्टात हात घातला, इसालेचं पान उपसून काढलं आणि काकांच्या छातीवर रोवलं. "हे काय आहे मग? हे घे! बघ! घे म्हणतो ना!"

काकांनी घेतलं. दुसरं कोणीही असतं तरी घेतलंच असतं.

गाणं बंद पडलं. टाळ्या जागच्या जागी थांबल्या. तीस माणसं आ वासून बघत होती, कारण तीसच्या तीस जणांनी आत्ता काय पाहिलं होतं? एलिरिंगियाने किसामोच्या हातात इसाले दिलं. आणि किसामोने ते घेतलं.

बाबांना ते सगळ्यांत शेवटी कळलं. त्यांनी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग काकांच्या हाताकडे पाहिलं. फिनलंडची बाई टाळ्या वाजवायला लागली आणि तिचं बघून बाकीचे तीन मास्तरही.

काकांचं तोंड वेडंवाकडं झालं. मला वाटलं आता हसतील, पण त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "माफ केलं," ते म्हणाले. "केलं बाबा, केलं. आणि ते दगडाचं गाणं... मी आणखी एक पान आणलं असतं रे, पण इथे वर कुठलं उगवायला!"

"राहू दे," बाबा म्हणाले. "उगाली चांगली होती त्या दिवशीची. मी आधी चाखली होती." आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. ओझेवाल्यांनी असा गलका केला की पलीकडच्या टोळ्यांमधली माणसं काय झालं म्हणून तंबूंबाहेर आली.

मी हळूच सटकत होते. दोन पावलं गेले असेन नसेन.

"आइकांडे."

बाबांचा हा आवाज मी ओळखते. मी थांबले.

"त्याने नाही पाठवलं. मग माझ्या ताटात पान कोणी ठेवलं?"

तीस ओझेवाले, चार पाहुणे, काका, आणि माझ्या उजवीकडे खी खी करणारा तो सहा फुटांचा गाढव. पळायला जागा नव्हती आणि त्या हवेत पळायला दमही नव्हता.

"मी ठेवलं, बाबा."

"तू? का?"

"इसाले का ठेवतात? माफी मागायला."

"कशाबद्दल? काय केलंस तू?"

"अजून काही केलं नाही," मी म्हटलं. "रविवारी किबोशोवाले आले की मी त्यांचा घडा अंगणात ओतणार आहे. आणि लग्न करणार आहे ते ह्या ओफोरोशी. त्याबद्दल माफी मागत होते. तुम्ही पान घेतलंत, बाबा. खिशात ठेवलंत. शिखरावर नेऊन आणलंत."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. ते इतका वेळ बघत राहिले की मला आईची आठवण झाली, घराची झाली, आणि पत्र्याच्या दुकानात गल्ल्यावर बसलेली मी पण मला दिसले. माझे डोळे भरून आले. मी मनात म्हणत होते, बाबा, काहीतरी बोला हो. शिवी द्या, पण बोला.

बाबा वळले. तंबूमागे एक उंच दगड आहे, त्यावर उभं राहिलं तरच फोनला रेंज येते. ते त्या दगडावर चढले, फोन काढला, कानाला लावला आणि आम्हा सगळ्यांकडे पाठ करून मोठमोठ्याने बोलायला लागले, कारण वारा सुटला होता.

"हॅलो! हो, मीच. हो, डोंगरावरून. अहो, रविवारी येऊ नका. नाही, आजारी नाही कोणी. घडा भरला असेल तर तुम्हीच प्या... कारण? कारण काय सांगू आता तुम्हाला! पोरीने माफी मागितली आणि मी ती देऊन बसलोय!"