पाच बटणांची सभा

"आजपासून हे आरोग्य केंद्र तुमचं आहे," असं व्यवस्थापक साहेबांनी दोन्ही हात पसरून जाहीर केलं, आणि नव्या मालकांपैकी एकाने उकडतंय म्हणून खिडकी उघडायला हात नेताच शिपाई म्हणाला, "तिला हात लावायचा नाही. बिजागरी सुटलीय."

नवे मालक सतरा जण होते. सगळे आसपासच्या चार गल्ल्यांतले. आरोग्य आणि घरसेवा कशा असाव्यात हे स्थानिक लोकांना विचारून ठरवा, असा वरून कागद आला होता, म्हणून त्यांना बोलावलं होतं. कागदाखाली तारीख होती, आणि त्या तारखेच्या आत लोकांचं मत तयार होणं आवश्यक होतं.

मागच्या रांगेत टेलर मास्तर बसले होते. चाळीस वर्षं शिवणकाम करून मास्तर निवृत्त झाले, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नव्हती. साहेब मालकी वाटत होते तेव्हा मास्तरांनी एवढंच टिपलं, की साहेबांची पँट कमरेत दीड इंच कमी आहे आणि बिचारे मोठा श्वास घ्यायचं टाळतायत.

लोकांनी काय ठरवायचं, तर भिंतींचा रंग. तीन नमुने होते. फिकट हिरवा, त्याहून फिकट हिरवा, आणि तिसरा, ज्याला साहेब नुसतं "शांत" म्हणाले. यावर पाऊण तास चर्चा झाली. दोन शेजाऱ्यांचं कायमचं फाटायची वेळ आली. शेवटी शांत रंग बहुमताने निवडला गेला, आणि लोक चपला शोधायला लागले तेव्हा साहेबांनी जाता जाता सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून घरभेटी पंधरा मिनिटांच्या होतील. सगळ्यांना सारख्या. कुणावर अन्याय नको.

मास्तरांची चप्पल पायातच राहिली, पाय हलला नाही.

त्यांच्या बायकोला गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला होता, तो आता पाहुण्यासारखा मधूनमधून यायचा. केंद्रातून रोज सकाळी एक ताई घरी यायची, अंघोळ घालायची, चालवायची. मास्तरांनी बायकोसाठी समोर पाच बटणांचं एक जाकीट शिवलं होतं. साडीवर ते चढवायचं आणि बटणं स्वतः लावायची, हा तिचा रोजचा कार्यक्रम. सुरुवातीला एक बटण लागलं तरी घरात आनंदीआनंद. आता पाचही लागत होती, फक्त त्यांना अकरा मिनिटं लागत. पंधरा मिनिटांच्या भेटीत अंघोळ, चालणं आणि अकरा मिनिटांची बटणं बसणार कुठे? बटणं ताईच लावून मोकळी होणार. आणि एकदा दुसऱ्याने लावायला सुरुवात केली, की तो हात परत कधी पाहुणा म्हणूनसुद्धा यायचा नाही, हे मास्तरांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पहिल्या रांगेतून गणिताच्या बाई उठल्या. त्यांनी अर्ध्या वस्तीला गणित शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्या वस्तीला नापास केलं होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे भिंतीला पंचेचाळीस मिनिटं आणि माणसाला पंधरा?"

साहेब म्हणाले की सूचना चांगली आहे, नोंद घेतो. काय नोंद घेतली ते कुणाला कळलं नाही.

मग मास्तर उभे राहिले. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाशी बोलावं तसंच बोलायचं ठरवलं. ते म्हणाले, साहेब, आमच्या धंद्यात कापड बेतलं की आधी कच्ची शिलाई मारतात. अंगावर चढवून बघतात, कुठे ओढतंय, कुठे फुगतंय. मगच पक्की टीप. तुम्ही पंधरा मिनिटांना एकदम पक्की टीप मारताय. आधी कच्ची मारून कुणाच्या तरी अंगावर घालून बघू.

साहेब खूश झाले. लोकांमधून आलेली कल्पना त्यांना अहवालात हवीच होती. "जरूर. कुणाच्या अंगावर?"

"तुमच्याच," मास्तर म्हणाले.

पुढच्या गुरुवारी मास्तर पिशवीतून नवं कोरं जाकीट घेऊन आले. साहेबांचं माप त्यांनी नजरेनेच घेतलं होतं. साहेबांनी उजवा हात खिशात घालायचा, डाव्या हाताने पाच बटणं लावायची. घड्याळ गणिताच्या बाईंकडे. घरी येणारी ताईही मुद्दाम बोलावलेली होती.

साहेब हसत हसत उभे राहिले. तिसऱ्या मिनिटाला हसू मावळलं. बटण काजाच्या तोंडाशी यायचं, आत डोकावायचं आणि विचार बदलून परत जायचं. आठव्या मिनिटाला एक लागलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या साहेबांना आवडल्या नाहीत. बाराव्या मिनिटाला दुसरं बटण निम्मं आत असताना ताईला राहवलं नाही. सवयीने ती उठली आणि तिने साहेबांच्या छातीकडे हात नेला.

"मी करतो," साहेब म्हणाले. इतक्या जोरात, की शिपाई दारातून आत आला.

ताईने हात मागे घेतला. बाईंनी पंधरा मिनिटं झाल्याचं सांगितलं. साहेब दोन बटणांवर खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, ठीक आहे, पंधरा रद्द. सगळ्यांना चाळीस मिनिटं. एका फटक्यात ठराव झाला. गणिताच्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी पैकीच्या पैकी दिल्यासारखी मान हलवली. मास्तरांना लोकांनी दारापर्यंत पोचवलं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळी हकिगत रंगवून सांगितली. साहेबांची दोन बटणं त्यांनी दीड केली होती. बायको ऐकत होती. तिचं बोलणं आता सावकाश यायचं, पण यायचं ते नेमकं. तिने ते साहेबांचं जाकीट मांडीवर ओढलं आणि डाव्या अंगठ्याने एक काज चाचपलं.

"अहो, काजं घट्ट आहेत."

"नवीन आहेत ना," मास्तर म्हणाले.

"माझी काजं तुम्ही जरा मोठी पाडलीत. त्यांची मुद्दाम लहान."

मास्तर दोरा शोधायला लागले. घरात दोऱ्याची काही गरज नव्हती.

"आणि चाळीस मिनिटं कुणी मागितली?" तिने विचारलं. "सतरा जणांनी माझ्याबद्दल ठरवलं. सतरात मी होते का?"

मास्तर म्हणाले, अगं, पण मी होतो की. ती म्हणाली, तुम्ही होता, तेच सांगतेय. चाळीस वर्षं दुकानात आलेल्या माणसाला तुम्ही कधी विचारल्याशिवाय कापड कापलंत का? मग मला का नाही विचारलं?

मास्तरांनी दोरा शोधायचं सोडलं. त्यांनी एवढंच विचारलं, की मग तुला हवंय तरी काय. हा प्रश्न गेल्या वर्षभरात तिला डॉक्टर, ताई, साहेब, मास्तर यांपैकी कुणीच विचारला नव्हता, त्यामुळे तिचं उत्तर तयार होतं.

"ते मी साहेबांनाच सांगते. बोलवा त्यांना. आणि ही काजं मोठी करून त्यांना द्या. फसवाफसवी नको."

पुढच्या गुरुवारी सकाळी, ताई आली असताना, साहेब घरी आले, वही घेऊन आले. मास्तरांनी काजांचा गुन्हा कबूल केला. साहेबांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो आठवडाभर कुठे अडकून पडला होता कुणास ठाऊक. ताईने मास्तरांच्या बायकोला तिचं जाकीट दिलं. सुरुवात करण्याआधी तिने सगळ्यांना सूचना केल्या. ताईने खुर्चीत बसायचं, हात मांडीवर ठेवायचे. साहेबांनी हात मागे घ्यायचे. मास्तरांनी खिडकीबाहेर बघायचं, कारण ते श्वास रोखून धरतात आणि तिचं लक्ष जातं.

पहिलं बटण लागलं. दुसरं लागलं. तिसऱ्याला उजवा हात आला, काठाला धरून उभा राहिला आणि काम झाल्यावर परत गेला. ताईची बोटं मांडीवर वळवळत होती. चौथं लागलं, एकच उरलं, तेव्हा साहेबांनी मोठा श्वास सोडला, आणि ती खाली बघून म्हणाली, "थांबा. एक काज वगळलं गेलं." तिने सगळी बटणं काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कुणी हललं नाही. मास्तर खिडकीबाहेरचा तोच खांब बघत राहिले.

पाचही लागली तेव्हा एकोणीस मिनिटं झाली होती. मग ती साहेबांना म्हणाली, "रोज चाळीस नकोत. केस धुवायच्या दिवशी तास हवा. इतर दिवशी अर्धा पुरे. पण त्यातली वीस मिनिटं ताईने काहीही करायचं नाही. नुसतं जवळ बसायचं. पडले तर धरायला."

साहेबांनी वही उघडली. 'केलेले काम' या रकान्यापाशी पेन अडलं. त्यांनी विचारलं, यात काय लिहू? ती म्हणाली, "काही नाही, असं लिहा."

त्यांनी खरंच तसं लिहिलं आणि खाली सही केली. उद्यापासून प्रत्येक घरी जाऊन ज्याचं त्यालाच विचारायचं, मग वेळ लिहायची, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. मग ते उठून उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले की आज या खोलीत एका नव्या युगाची सुरुवात झाली आहे, हा प्रयोग दूरवर पोहोचेल, आणि लोकांचा सहभाग म्हणजे काय हे त्यांना आज समजलं. ताईचे डोळे भरून आले. मास्तरांचेही आले असते, पण ते अजून खांबाकडे बघत होते.

दारापर्यंत गेलेले साहेब तिथूनच मागे फिरले. मास्तरांच्या जवळ आले, बायका ऐकत नाहीत ना याची खात्री केली आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"मास्तर, ही पँट जरा कमरेत सोडून मिळेल का?"