कुलपातलं मलम

मित्रांनो, माझ्या बुडाची काजळी पाहून नाक मुरडू नका. मी अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या ऑरेंज माउंड या काळ्या लोकांच्या वस्तीतली लोखंडी कढई. एरंडेल, मेण आणि शिया बटर वितळवून केसांचं मलम करण्यात माझा जन्म गेला.

मिस वर्डेलने (आमच्याकडे थोरल्या बायकांना मानाने 'मिस'च म्हणतात) मला चुलीवर चढवलं, तेव्हा बड्या दुकानांत काळ्या माणसांच्या केसांसाठी काही मिळत नसे. म्हणून तिने स्वतःच मलम केलं. गुरुवारची पहिली कढई वस्तीतल्या पार्लरवाल्यांची, हा तिचा नेम. बायका रिकाम्या बरण्या घेऊन यायच्या, कारण रविवारच्या चर्चसाठी शनिवारी केस करायला झुंबड उडायची. त्याच गुरुवारांवर तिची मुलं शिकली. आम्ही कुणाचे मिंधे नव्हतो.

पुढे नात रोशेलच्या हाती कारभार आला आणि एका बड्या दुकानांच्या कंपनीतून मिसेस हॅलोरन आल्या. काळ्यांच्या उद्योगांच्या मालासाठी म्हणे त्यांच्या दुकानांत खास फळी निघणार होती! अट एकच, सगळा माल त्यांनाच द्यायचा. रोशेल हुरळली. तिने स्टीलचं यंत्र घेतलं आणि गुरुवार बंद केला. वर्डेलची मैत्रीण मिस आयोला पार्लर चालवायची. तीसुद्धा रिकामी बरणी घेऊन दारातून परत गेली.

मला मात्र घासूनपुसून कंपनीच्या मुख्य कचेरीत दाराशी मांडलं. वर दिवा, खाली पाटी. साहेब लोक माझ्यासोबत फोटो काढायचे आणि कॉफीचे रिकामे पेले माझ्याच पोटात टाकायचे. असला मान जळो!

एके दिवशी रोशेल तणतणत आत आली.

"दुकानात आमच्या डब्या कुलपात का? शेजारचे गोऱ्यांचे शांपू उघड्यावर, आणि डबीवरचं माझ्या आजीचं चित्र काचेआड! कपाट उघडायला घंटा वाजवली, तर पहारेकरी माझ्याच मागेमागे फिरतोय!"

"चोऱ्या होतात ना," मिसेस हॅलोरन गोड हसल्या. "तसंही ती फळी आता आम्ही काढतोय. धोरण बदललंय. कढई मात्र राहू दे हं, सगळ्यांना फार आवडते!"

मित्रांनो, खाली जाळ नसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा तापले.

रोशेलने सगळे पेले गालिच्यावर ओतले. पण मी काही एकटीला उचलण्यासारखी नव्हे. शेवटी तिने मिस आयोलाला फोन केला. ती केसांचे चिमटे ॲप्रनला लावलेल्या अवस्थेतच आली.

"आता आठवली होय मी? मला वाटलं, तू त्या फळीवरच राहायला गेलीस!"

"चुकलं माझं, मिस आयोला."

"चुकलंच! रडायचं ते घरी जाऊन रड. ती कडी धर आधी."

गुरुवारी पुन्हा जाळ पेटला. सगळ्या जणी परतल्या नाहीत; काहींनी दुसरं मलम धरलंय आणि त्यांचा राग मला पटतो. स्टीलचं यंत्र विकावं लागलं. पण पहिली बरणी आयोलाची भरली.

म्हणून सांगते, माझ्यावर दिवा लावू नका, खाली पाटी लावू नका. माझ्यावर माया असेल तर माझ्याखाली जाळ ठेवा. आणि आयोलाच्या पार्लरमध्ये गेलात तर पाहा, मलमाची बरणी खिडकीत आहे. तिला झाकणसुद्धा लावलेलं नाही.