ईट ते माकणी, एकट्यानं

एकट्यानं लांब चालायचं असेल तर कुठं निघालात ते वाटेत कुणाला सांगू नका. माझं घोडं तिथंच पेंड खात बसलं.

मी बब्रुवान, निवृत्त वायरमन, वय अडुसष्ट, मुक्काम ईट. बायको जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून माझी मुलगी महेश्वरी माकणीहून रोज फोन करायची, की आण्णा, घराला कुलूप लावा आणि इकडं राहायला या. मला एकट्याला जमणार नाही, असं तिचं ठाम मत. मला माझं घर सोडायचं नव्हतं. जावयाच्या घरी दुपारी किती वाजेपर्यंत लोळायचं, याचाही विचार करावा लागतो. शेवटी मी चिडून म्हणालो, ईटहून माकणीपर्यंत एकटा चालत येतो. पोचलो तर हा विषय बंद, कुणाच्या गाडीवर बसलो तर बाडबिस्तरा घेऊन येईन. ती लगेच हो म्हणाली. त्या होकाराचाच मला जास्त राग आला.

अंतर सव्वाशे किलोमीटर. मी सहा दिवस धरले. पिशवीत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पायात जुन्याच चपला. नवे बूट घालून निघणारा माणूस दुसऱ्या दिवशी अनवाणी चालतो.

चालणं सोपं होतं हो, माणसं अवघड होती. आपल्याकडं रस्त्यानं एकटा म्हातारा दिसला की मोटारसायकल थांबतेच. बसायला नको म्हटलं की गाडी बंद करून चौकशी सुरू. गाव कुठलं, आडनाव काय, सोयरे कुठले. मी छाती फुगवून सांगायचो, लेकीकडं निघालोय, माकणीला, चालत. समोरचा एकदम फार मायेनं बघायला लागायचा. मी घरात भांडून निघालोय, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. येरमाळ्याच्या पुढं कमलबाई नावाच्या बाईनं पिठलं वाढता वाढता माझ्या नसलेल्या सुनांना यथेच्छ शिव्या घातल्या. खोटं कशाला सांगू, पिठलं फक्कड होतं, म्हणून मी सुनांची बाजू घेतली नाही.

तेरला बलभीम नावाचा एक मोटारसायकलवाला भेटला. मी गाडीवर बसेना, म्हणून तो पहिल्या गिअरात तीन किलोमीटर माझ्या बाजूनं आला. एकट्याला कसं सोडायचं, म्हणे.

सहाव्या दिवशी दुपारी माकणीत पोचलो. महेश्वरी दारात गरम पाण्याची बादली घेऊन उभीच होती. मी एका दमात सांगून टाकलं, की एकाही गाडीवर बसलो नाही.

"ठाव हाय," ती म्हणाली. "पर एकटं कुठं आलात तुमी?"

तिला अकरा जणांचे फोन आले होते. गाव, आडनाव, सोयरे एवढ्यावरून लोकांनी तिचा नंबर शोधून काढला होता. ‘म्हाताऱ्याला समजून घ्या’ म्हणून सगळ्यांनी तिलाच झापलं होतं. बलभीमनं तर माझ्या लंगड्या चालीचा व्हिडिओ पाठवला होता.

माझा चेहराच पडला. एकटा आलोच नाही म्हटल्यावर घर गेलं, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं.

महेश्वरी खाली बसून माझी टाच चोळायला लागली. "आण्णा, सोमवारी एस्टीनं ईटला जावा. मला वाटायचं, तिकडं तुमाला काय झालं तर कुणाला कळायचं बी न्हाय. आता भ्या वाटत न्हाय. तुमाला एकटं सोडतंय कोण?"

मला हायसं वाटलं. पण ती तेवढ्यात एस्टीची वेळ बघायला लागली, तेव्हा मी जरा घुश्शातच म्हणालो, "इतकी काय घाई हाय घालवायची?"