मत्र्याला ठेवलेली गाडी

रुबिनाचा शिरस्ता सोपा होता. गुरुवारी संध्याकाळी एक गाडी मत्र्याच्या मासळी बाजाराजवळ नेऊन ठेवायची आणि दुसरीतून घरी यायचं. शुक्रवारी पहाटे ती दुसरी कुरुमच्या किनाऱ्यावर लावायची आणि मत्र्यापर्यंत पळत जायचं. तिथून पहिल्या गाडीने दुसरी आणायला परत.

"मध्ये कंटाळा आला तरी गाडी पुढेच," रुबिना आपल्या मैत्रिणीला, यशश्रीला, म्हणाली होती. "म्हणून या वेळी तुझीच ठेवू या मत्र्याला. तू इमारतीभोवती फेऱ्या मारतेस ना, त्याला पळणं नाही म्हणत. दार दिसलं की आत शिरतेस."

यशश्रीने वाद घातला नाही. खरंच ती तेच करत होती. दोन वर्षांपूर्वी अर्ध्या मॅरेथॉन सहज पळणारी बाई आता तीन किलोमीटर झाले की थांबायची. दम लागायचा म्हणून नव्हे. तीन किलोमीटरवर बाबा उभे असायचे.

बाबा, म्हणजे गजेंद्र, या आखाती शहराच्या रुवी भागात एसी दुरुस्तीच्या कामावर होते. शुक्रवारी सुट्टी. मुलगी पळायला निघाली की ते पांढरी गाडी घेऊन पुढे जायचे, तीन किलोमीटरवर थांबायचे, मागचे लुकलुकणारे दिवे लावायचे आणि कोकम सरबताची बाटली घेऊन उभे राहायचे. ती पिऊन निघाली की पुन्हा तीन किलोमीटर पुढे. "आलीस? मला वाटलं हजार किलोमीटरवरच्या सलालाला पोचलीस." दर वेळी असंच काहीतरी. "आम्ही मस्त पेपर वाचत बसतो. तू घाम गाळ."

मग ते आजारी पडले. वर्षभर यशश्रीचे बूट कपाटातून निघाले नाहीत. मे महिन्यात बाबा गेले आणि आई पुण्याला भावाकडे राहायला गेली. अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये यशश्रीला बसवेना. जेवतानासुद्धा ती उभी असायची. वाचायला घेतलेलं पुस्तक हातात धरून या खोलीतून त्या खोलीत फिरायची. शेवटी बूट कपाटातून बाहेर काढले. पण रस्ता कुठलाही असो, ठरावीक ठिकाणी मान आपोआप वर व्हायची, नजर दिवे शोधायची, आणि पाय थांबायचे. मग ती परत फिरायची.

आजही तेच झालं. शुक्रवारची पहाट, समुद्र डाव्या हाताला काळा होता. रुबिना बोलत होती, जानेवारीतल्या दुबईच्या शर्यतीबद्दल, नवऱ्याबद्दल. महमूदला तिचं पळणं म्हणजे फुकटचा उपद्व्याप वाटायचा. एका वळणाशी यशश्रीची मान वर झाली. रस्त्याकडेला कुणीच नव्हतं.

रुबिना थोडी पुढे जाऊन मागे आली आणि जागच्या जागी पाय हलवत राहिली. "काय गं?"

"तू जा. तुझं आज लांबचं आहे. मी टॅक्सीने घरी जाते."

"बरं. तुझ्या गाडीची किल्ली दे मग."

यशश्रीने खिसा चाचपला. दुसरा चाचपला. मग तिला आठवलं. बूट बदलताना किल्ली बॅगेत टाकली होती, आणि बॅग रुबिनाच्या गाडीच्या डिकीत होती.

रुबिनाचे पाय थांबले. "म्हणजे मी मत्र्याला पोचून काय करू? मासे विकू?"

"सॉरी."

"आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये हे प्रत्येकाचं एकदा होतं. हुसेनभाईंचं दोनदा." तिने कमरेच्या पट्ट्यातून स्वतःची किल्ली काढली. "जा, माझी गाडी घेऊन ये माझ्या मागे. पाणीपण आण, माझं संपत आलंय. यल्ला, चल, उभी राहू नकोस, माझे पाय आखडतायत."

ती गेलीसुद्धा.

यशश्री मागे वळली. चालत गेलं तर रुबिना तहानलेली वाटेतल्या दारसैतच्या चढाला लागेल, म्हणून ती पळाली. पळताना तिने कुठेच मान वर केली नाही. कुरुमला गाडीचं दार उघडताना तिला धाप लागली होती, आणि आपण थांबलोच नाही हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. आनंद वगैरे झाला नाही. घाई होती.

दारसैतच्या चढाच्या अलीकडे तिने रुबिनाला गाठलं, हॉर्न दिला, पुढे जाऊन गाडी कडेला घेतली. मागचे दिवे कधी लावले ते तिलाही कळलं नाही. पाण्याची बाटली घेऊन ती उतरली.

आता उजाडत होतं. वळणापलीकडचं दिसत नव्हतं. ती गाडीभोवती एक फेरी मारून आली. सीटवर बसली, लगेच उठली. एक टँकर जोरात वळण घेऊन आला आणि ती दोन पावलं मागे सरली. एवढ्या अरुंद कडेने रुबिना येत असेल. अजून कशी नाही आली? आत्ता तर मागे होती. तिने आरशात पाहिलं, मग रस्त्यावर, मग पुन्हा आरशात. सीटवर महमूदचा कालचा पेपर पडला होता. तिने तो उचलला आणि वरची ठळक ओळ तीन वेळा वाचली. काय लिहिलंय ते डोक्यात शिरलं नाही.

पेपर वाचत बसतो म्हणे.

ती तशीच उभी राहिली. इतक्या शुक्रवारांत बाबांनी एक पान तरी वाचलं असेल का?

रुबिना वळणावरून आली. आधी डोक्यावरची गुलाबी टोपी, मग खांदे. यशश्रीचे हात बाटलीवर घट्ट झाले होते, ते सैल पडले.

"आलीस?" ती म्हणाली. तिने बाटली पुढे केली.

रुबिना घटाघट पाणी प्यायली, तिने तोंड पुसलं. "पुढच्या चढावर थांब आता. तिथं मला शिव्या द्यायला कुणीतरी लागतं."

यशश्रीने मान हलवली. रुबिना निघाली, दहा-बारा पावलं गेली. यशश्रीचा हात गाडीच्या दारावर होता. आत बसायचं, पुढे जायचं, पुन्हा वळणाकडे बघत राहायचं. आज ते तिला जमलं नसतं. तिने डिकीतल्या बॅगेतून स्वतःची किल्ली काढून मुठीत धरली, दार लावलं, कुलूप केलं आणि धावत रुबिनाला गाठलं.

"आता काय?"

"येते."

"आणि गाडी?"

"माझी आहे की मत्र्याला. परत येताना तुझी घेऊ."

"अगं दिवे चालू ठेवलेस. बॅटरी उतरेल."

"उतरू दे. महमूदभाईंना बोलावू."

"तो मला घराबाहेर काढेल."

"माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत."

रुबिनाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि वेग किंचित कमी केला, तिला कळणार नाही इतपत. चढ सुरू झाला. मांड्या पेटल्या, दीड वर्षाचा गंज ढोपरात कुरकुरला. वर, चढ संपतो तिथे, यशश्रीची मान वर झालीच. रस्ता मोकळा होता, खाली मत्र्याकडे उतरत गेलेला. ती बघत राहिली आणि बघत बघतच पळत राहिली.

"श्वास सोड," रुबिना म्हणाली. "धरून ठेवलायस."

तिने सोडला.